काचेचं पाणी

टोलेडोला लोक काचेचं शहर म्हणतात.
माझ्या बापाने इथे एकतीस वर्षं
गाड्यांच्या पुढच्या काचा केल्या,
मनगटावर भाजल्याचे डाग घेऊन मेला.
आणि मी, दोन हजार नऊच्या ऑगस्टात,
शोरूमच्या मागच्या शेडमध्ये
इंजिनांना काच पाजतोय.

भिंतीवर कागद चिकटवलाय, वॉशिंग्टनहून आलेला :
तेल काढून टाका.
दोन लिटर द्रावण ओता.
दोन हजार फेऱ्यांवर ठेवा, थांबेपर्यंत.
थंड झाल्यावर पुन्हा चालू होत नाही ना, ते बघा.
हे शेवटचं मला आवडतं.
टेबलामागे बसून कुणीतरी
भुताचाही विचार केलाय.

जुनी द्या, साडेचार हजार डॉलर घ्या,
कमी पिणारी नवी न्या.
सौदा वाईट नाही.
माझी पुतणी हायवेला लागून राहते,
रात्री तिच्या छातीत शिट्टी वाजते;
धुराची बाजू मी घेणार नाही.
फक्त ओतणारा हात माझा आहे,
एवढंच.

बहुतेक गाड्या दोन मिनिटांत आटपतात.
घसा खाकरल्यासारखा एक आवाज, मग खड्‌,
मग पंख्याची घरघर विझत जाते.
सकाळपासून सात झाल्या.
आठवी बर्नाडीन शिमान्स्कीची :
लांबलचक ब्यूइक, स्टेशनवॅगन,
कुशीला खोट्या लाकडाची पट्टी,
मागच्या सीटवर दोन पोरं वाढल्याच्या खुणा.
दाराच्या आतल्या कडेला पेन्सिलीने आकडे,
दर तीन हजार मैलांना एक तारीख.
‘तेल बदललं की लेशेक लिहायचा,’ ती म्हणाली.
शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची.
त्याच्याखाली दोन तिच्या अक्षरात.

इथे थांबायला परवानगी नाही, मी सांगितलं.
ती थांबली. मी पुन्हा सांगितलं नाही.

ओतलं. पेडलवर लाकडी ठोकळा ठेवला.
दोन मिनिटं. तीन.
चौथ्याला नुसती गुरगुरली.
सहाव्याला बॉनेटमधून वाफ आली
आणि तरीही चालूच,
पोटात काच घट्ट होतेय आणि चालूच.
‘बिघडलंय का काही?’ बर्नाडीनने विचारलं.
नाही बाई, काहीच बिघडलेलं नाही,
तीच तर पंचाईत आहे.
ज्यांना कुणी विचारलं नाही त्या पटकन सुटतात.
जिची निगा राखली
तिचा जीव जाता जात नाही.

अकरा मिनिटं.
मग आवाज तुटला,
आणि शेडबाहेर डिमेट्रिअस दिसला,
बर्गर तळणारं शेजारचं पोरगं.
रोज येतं : ‘मिस्टर वेंडेल, तीनशे डॉलरवाली एखादी?’
मागे पंचेचाळीस उभ्या होत्या.
साऱ्या तीनशेवाल्या.
मी म्हणालो, ‘उद्या बघू.’
उद्या त्या चेपून
पुस्तकांसारख्या रचलेल्या असतील.

माझा स्वतःचा पिकअप त्र्याऐंशीचा.
योजनेत बसत नाही, पंचवीसच्या वर वय आहे.
सरकारच्या हिशेबी
तो मारण्याइतकाही जिवंत नाही.
संध्याकाळी त्याच्याशेजारी उभा राहिलो
तर उगाच लपून बसल्यासारखा वाटला.

पण हे नंतरचं.
त्याआधी पुढच्या अंगणात बर्नाडीनला
नव्या गाडीत बसवून दिलं.
पिवळट हिरवी, एवढीशी,
तिचे गुडघे आत मावले तेवढंच.
सीट पुढे घेतली, आरसा खाली केला,
किल्ली फिरवून दिली.
ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून
समोर बघत बसली. वाट बघत.
मग काच खाली केली, अर्धीच,
आणि हळूच विचारलं,
‘चालू झालीय का रे?’

मी बॉनेटवर तळवा ठेवला.
थरथर होती. लहान, दूरची.
‘चालूच आहे,’ मी म्हणालो.
तिने मान वळवून
शेडकडे बघितलं.