कॉर्नफ्लोअरचा बर्फ

बर्फावर चालण्याचा आवाज बर्फातून येत नाही.
तो येतो चामड्याच्या पिशवीत गच्च भरलेल्या
दोन किलो कॉर्नफ्लोअरमधून.
मुठीनं दाबायचं, सोडायचं. टाच आधी, मग चवडा.
सत्तावीस वर्षं यावरच पोट भरते आहे मी,
तिबिलिसीत, बंद पडलेल्या एका बेकरीच्या तळघरात,
जिथे दमट दिवसांत अजून भिंतींना
आंबलेल्या पिठाचा वास सुटतो.

हाड मोडायचं तर सेलरीची जुडी.
कातडं सोलायचं तर पिकली द्राक्षं.
बाजारातली भाजीवाली विचारते,
आज स्वयंपाक की खून?

या वेळचा सिनेमा भीतीचा.
हिमकड्याखाली गाडलं गेलेलं घर, आत एकटी बाई,
आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ठोकतंय.
दिग्दर्शक झुराब, वय एकतीस, बोटांत न पेटवलेली सिगारेट,
म्हणाला, नातेलामावशी, ठोका असा पाहिजे
की माणसानं खुर्चीचा हात सोडता कामा नये.
त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.
मीही नाही.

लाकूड वाजवलं. नको.
अक्रोडाची फळी. नको.
मग पेटीच्या तळातून शिंग काढलं,
गाईचं, टोकाशी तुटलेलं.

वय नऊ. स्वानेतीतला आमचा गोठा.
मी धारेला बसलेली, मामुका पलीकडे, गवताच्या खोलीत.
आधी कुत्रा गप्प झाला.
मग सगळंच.
अंधार असा की डोळे उघडे आहेत का मिटलेले
हे बोटानं चाचपून पाहावं लागे.
गाईच्या पोटाला पाठ टेकून मी भिंतीवर ठोकलं, दोनदा.
पलीकडून दोनदा.
झोपले, उठले, ठोकलं. दोनदा.
सडातून दूध थेट तोंडात. पुन्हा दोनदा.
मी त्याला सातचा पाढा म्हणून दाखवला.
चुकले की तो गप्प राहायचा,
किंवा मला तसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी फावडी वाजली.
माणसं हळू आवाजात बोलत होती,
पोर पहिल्याच रात्री गेलं, छातीवर तुळई होती.
आई मला घोंगडीत गुंडाळत होती
आणि मी गाईकडे बघत होते.
दावं आखूड होतं तिचं. मान हलली की
शिंग दगडाला लागत असेल.
असेल.
मी कुणाला विचारलं नाही.
ती मेली तेव्हा एवढं शिंग तेवढं मागून घेतलं.

झुराबला आवाज आवडला. फारच.
फक्त म्हणाला, ठोका आणि उत्तर यांच्यामधे
तुम्ही अकरा सेकंद थांबता, मावशी,
एवढ्यात लोक मोबाइल काढतात.
मी सांगू गेले, अरे, भीती वाटते ती तिथेच,
पण त्यानं कापून दोन सेकंद केले होते.
त्याचंही खरंच आहे. तिकीट काढून आलेल्याला
कोण कशाला अकरा सेकंद पुरून ठेवील?

पहिल्या खेळाला लोक किंचाळले, नेमके हवे तिथे.
शेवटी ती बाई बर्फ फोडून उन्हात येते,
गुडघ्यांवर बसते, रडते, संगीत चढतं, दिवे लागतात.
नंतर तिला कुणीतरी कोरडे मोजे दिले असतील.
सूप दिलं असेल. सोमवारी शाळेत बसवलं असेल
रिकाम्या बाकाशेजारी.
तोवर कॅमेरा घरी गेलेला असतो.

मीही घरी आले. बूट काढले. दिवा लावला नाही.
पलंगाशेजारच्या भिंतीवर
बोटाच्या पेरानं ठोकलं, दोनदा.
एक. दोन. तीन.
सात.
नऊ.
दहाला पलीकडून केरसुणीचा दांडा आदळला,
धाडधाड, पाचदा की सहादा,
मोजायला सवडच दिली नाही,
आणि मागोमाग एतेरीबाई:
रात्रीचे दोन वाजलेत, अक्कल गहाण टाकलीस का गं?

मी भिंतीला कान लावला
आणि तशीच बसून राहिले
तिची शेवटची शिवी संपेपर्यंत.