मिठाची चाळण

आलाहुएलाच्या टेकडीखाली, कॉफीच्या मळ्यांकडे पाठ करून
आमचा कारखाना उभा आहे, बिनखिडक्यांचा, पांढरा.
आत शिरताना केस झाकायचे, तोंड झाकायचं,
अंगठी काढून ठेवायची.
माझी आता निघत नाही.
तिच्यावरून दोन हातमोजे.

एकोणीस वर्षं मी इथे मीठ चाळलं.

छातीत ठेवायच्या पिशवीला मिठाचं काय काम,
बसमधल्या बायका विचारतात.
काम असतं.
ओल्या सिलिकॉनवर मीठ पसरायचं, दाबायचं, भट्टीत भाजायचं,
मग कोमट पाण्यात खळखळून धुवायचं.
मीठ विरघळतं. त्याची घरं राहतात,
हजारो इवली रिकामी घरं,
शरीराने त्यात बोटं रुतवावीत,
पिशवी जागची हलू नये म्हणून.
"गुळगुळीत निसटतं, खरखरीत टिकतं,"
डॉन एफ्राइन पहिल्याच दिवशी सांगायचे.
आम्ही माना डोलावल्या. पटलंही होतं.

गेल्या वर्षापासून मी दुसऱ्या टोकाला बसते,
जिथे परत आलेलं उघडतात.

आजचा डबा दूरच्या थंड देशातला.
चिठ्ठीवर नाव नसतं.
वय सेहेचाळीस. बाजू डावी. आत राहिली नऊ वर्षं.
खाली कुणा डॉक्टरचं तिरकं अक्षर:
आठवड्यात स्तन दुप्पट सुजला, भोवती पाणी,
पाण्यात नको त्या पेशी.

बाई,
आधी एका गाठीने नेलेलं परत मिळावं म्हणून घेतलं होतंस,
की नुसतं हवंसं वाटलं म्हणून,
या कागदावर तो रकाना नाही.
नाही तेच बरं.
मी फक्त बोट फिरवलं
आणि बोटाला आधी कळलं, मग मला.
हे माझं मीठ.

एइलिन आली, नवी इंजिनिअर, माझ्या सुलेमाच्या वयाची.
पडद्यावर तिने ती घरं मोठी करून दाखवली.
घरं कसली, खड्डे. काही तर विहिरीच.
"दोन्या सिनिया, त्या महिन्यात चाळण बदलली होती का?
वहीत काहीच नाही."

वहीत नाही.
त्या आठवड्यात ज्वालामुखीची राख पडली होती,
दोरीवरचे कपडे आम्ही दोनदा धुतले,
म्हणून तर लक्षात आहे.
चाळण कोपऱ्यात फाटलेली, अंगठ्याच्या नखाएवढी.
माल उद्या जायचा होता.
डॉन एफ्राइन म्हणाले, "चालू द्या. मीठ ते मीठ."
आम्ही चालू दिलं.

त्या पगारावर सुलेमा शिकली,
घरावरचा पत्रा बदलला.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी जागले. इतकी वर्षं जागले,
आणि कुणीतरी एक बाई तिकडे
रात्री छातीवर हात ठेवून जागत होती.

चाळणीचा दोष असेल. नसेलही.
"एकच कारण कधी नसतं," एइलिन म्हणाली,
"पण लिहिलेलंच नसेल तर मी शोधू कशात?"
आता प्रत्येक पिशवीला क्रमांक असतो,
कुठे गेली, कुणाला बसवली, कधी काढली, सगळं नोंदवायचं.
खरखरीत बंद केल्या. नव्या गुळगुळीत,
त्याही कधी आवळतात, दगड होतात, फाटतात.
एइलिन "सुरक्षित" म्हणत नाही,
"अधिक सुरक्षित" म्हणते,
आणि त्यातला "अधिक" जरा हळू.

मी वही ओढली.
तारीख घातली, राखेची.
फाटलेली चाळण, लिहिलं. कोण काय म्हणालं, लिहिलं.
कोण गप्प राहिलं, तिथे माझं नाव,
हातमोज्यामुळे अक्षर जाड आलं.

मग डब्याची चिठ्ठी पुन्हा वाचली.
शेवटचा रकाना: रुग्णाची सध्याची स्थिती.
कोरा.
"विचारून घे," मी म्हटलं.
"उत्तराला आठवडे लागतात," एइलिन म्हणाली.
"लागू देत."

घरी राजमा शिजत होता.
मीठ घालायला माझा हात
किती तरी वेळ बरणीतून वर येईना.