अनुक्रमांक चौदा

परभणीच्या कोर्टात
मन्मथ मिटकरीचा नादारीचा अर्ज.
मालमत्ता: शिलाई मशीन एक,
बंद कूलर,
मनगटावरचं घड्याळ, चालू.
धनको एकवीस. मी चौदावा.

वकील म्हणतात,
धंद्यात बुडाला असेल तर सुटेल;
फसवून घेतले असतील
तर ते देणं सुटत नाही.
म्हणजे माणूस खरा निघाला
की माझे दोन लाख मेले,
लबाड ठरला तरच जिवंत.

साहेब विचारतात,
पैसे घेताना खोटं बोलला?

“मोंढ्यात गाळा घ्यायलो,”
एवढंच म्हणाला होता स्टँडमागं,
बशीतला चहा फुंकत.
वर बघितलं नव्हतं.

ते न बघणं
कोणत्या रकान्यात लिहू?

सुट्टीत, व्हरांड्यात,
सवयीनं त्यालाच विचारलं,
किती वाजले रे?
त्यानं मनगट पुढं केलं.