हमाली

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधरामध्ये,
टेबललॅम्पखाली हर्षला घासतेय
अवकाशातलं एक मालवाहू जहाज.

शाळेत असताना ते नुसत्या रेघांचं होतं,
काळ्या काचेवर हिरव्या रेघा,
आरपार दिसायचे मागचे तारे.
आता रेझिनचं. नखाएवढं इंजिन,
पंखावर पॉलिशपेपरची पांढरी पूड.

नकाशावर ग्रह म्हणजे शर्टाची बटणं,
माल म्हणजे रंगीत ठोकळे.
इथे धान्य घ्यायचं, तिथे यंत्रं विकायची,
वाटेत चाचे. फासे ठरवतील.

आबा चहाचा कप टेकवतात
नेमका एका सूर्यावर.
तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
पाठीवर गोणी.
जहाज तळहातावर जोखून विचारतात,
"माल उतरवतो कोण?"

कोण म्हणजे?
एक बटण दाबलं की
वीस टन आपोआप विकले जायचे.

"आणि हमाली?"

ती हसते. मग हसत नाही.
रात्री दीडला नियमांच्या वहीत
कलम चौदा खोडते:
प्रत्येक बंदरात एक फेरी थांबावं.
ठोकळे हाताने, एकेक उचलावेत.
हमाली आधी, नफा मग.

धक्क्यावर उभा करायला
एक माणूस ओतते ज्वारीच्या दाण्याएवढा,
पाठीत किंचित वाकलेला.

सकाळी आबा भिंगातून बघतात बराच वेळ.
"याच्या हातात आकडा द्यायचा राहिला."