दुसरी कॅप्सूल

मातोझिन्युशच्या बंदराकडे तोंड केलेला आमचा तिसरा मजला.
खाट अकरा. एतेल्विना फ्राझांव, वय चौऱ्याहत्तर.
डाव्या खुब्याचं हाड जोडलेलं, आणि रक्त
झिरपून जातंय कुठंतरी, रोज थोडं थोडं.
वरून दुर्बीण घातली, खालून घातली,
दोन्हीकडे स्वच्छ.
उरलं ते मधलं, मीटरच्या मीटर आतडं,
जिथं कुणाची नळी पोचत नाही.

म्हणून मागच्या मंगळवारी तिनं एक कॅमेरा गिळला,
टपोऱ्या बदामाएवढा, सेकंदाला दोन फोटो काढणारा.
"एवढासाच?" ती म्हणाली,
"सार्डिनचं मुंडकंसुद्धा याच्याहून मोठं."
कमरेला पट्टा बांधून आठ तास पडून राहिली.

कॅमेऱ्यानं काय पाहिलं?
जठर.
सकाळी जठर. दुपारी जठर.
तीन वाजता त्याच जठराची तीच घडी,
वर साबणासारखा फेस.
मग बॅटरी संपली.

मॉर्फिननं पेंगुळलेलं पोट.
खाटेला खिळलेल्यांचं असं होतं बऱ्याचदा,
घरून चालत येणाऱ्यांपेक्षा जास्तच.
तिच्या पोटातलं पाणी हललं नाही, अक्षरशः.
डॉक्टर नोरोन्या हजारो फोटो बघून उठले
आणि सांगायला स्वतः आले, टोपी नसून
टोपी हातात धरल्यासारखे.
तिनं ती चूक पोटात घातली,
कॅप्सूल घातली होती तशीच,
एका घोटात.

आज दुसरी.
रात्री मॉर्फिन जमेल तितकं कमी केलं, ती कण्हली, पण चालेल म्हणाली.
पहाटे फेस मारायचे थेंब, पाण्यातून.
मग माझी पाळी: मेटोक्लोप्रामाइड, एक छोटी कुपी,
शिरेतून, हळू, घड्याळाकडे बघत.
घाईनं दिलं तर माणूस अस्वस्थ होतो,
उठून पळावंसं वाटतं त्याला,
आणि हिला तर पळता येत नाही.
"काय करतं हे?"
"ढकलतं."
"आमच्या कारखान्यात मुकादमीण होती तशी," एतेल्विना म्हणाली,
"डोरोतेइया. पट्टा थांबला की पाठीत बोट."

एकेचाळीस वर्षं तिनं डबे भरले.
शेवटची बारा नुसती वाजवले:
बोटाच्या पेरानं टक, कान लावायचा,
टक, पुढचा.
गळका डबा वेगळा बोलतो म्हणे.
मी विचारलं, कसा?
ती बराच वेळ आठवत राहिली.
"लाजल्यासारखा."

अर्ध्या तासानं छोट्या पडद्यावर पाहिलं: जठर.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
तिला उजव्या कुशीवर वळवलं, दोघींनी मिळून,
उशी गुडघ्यांत, शिव्या माझ्या कानात.
खिडकीबाहेर क्रेन कंटेनर उचलत होती,
ठेवत होती, पुन्हा तोच उचलत होती असं वाटलं.
आणि मग, चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या मिनिटाला,
बँकेतल्या कारकुनानं नाइलाजानं खिडकी उघडावी
तसं ते दार जरासं फाकलं
आणि कॅमेरा आत घसरला.

फेस नाही. पाणी नितळ.
आतड्याची लव हलते आहे, दाट, फिकट, सगळी एका दिशेला.
"लेसाच्या खडकावरचं शेवाळ," ती म्हणाली,
"ओहोटीच्या वेळचं."
तिला वाटलं मी तिची समजूत घालायला
दुसरंच काही दाखवते आहे.

दोन तास अठ्ठावन्न मिनिटांवर तो ठिपका.
लाल, टाचणीच्या डोक्याएवढा,
त्याच्या कडेनं एक बारीक धार, खाली ओघळत.
डॉक्टरांनी चित्र थांबवलं.
एतेल्विनानं पडद्याकडे पाहिलं, मग पांघरूण सारलं,
गाऊनवरूनच पोटावर पेर आपटलं, टक,
आणि मान वाकडी करून ऐकत राहिली.

"आणि कॅमेरा? परत कधी द्यायचा?"
द्यायचा नसतो, मी म्हटलं. जाऊ द्यायचा.
"केवढ्याचा आहे?"
मी आकडा सांगितला. सांगायला नको होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराची घंटा वाजली.
बेडपॅन आधीच रिकामं, नवी मदतनीस पोरगी लालबुंद,
आणि टेबलावर गोळ्यांच्या कागदी पेल्यात
धुतलेला, पुसलेला, विझलेला तो.
"एक नग," एतेल्विना म्हणाली.
"मोजून घ्या. सही कुठं करू?"