पुलाचं दान

वेंडेलिनच्या तळघरात बाराही महिने मेच असतो,
तारीख बावीस, साल अठराशे नऊ.
वर रोझविता कपडे वाळत घालतेय,
खाली पिंगपाँगच्या टेबलावर डॅन्यूब पसरलीय:
न्हाणीघराचा जुना निळा पडदा,
एका कोपऱ्यात बुरशीचा न निघणारा डाग.
त्याला आम्ही लोबाउ बेट म्हणतो.

खरं आस्पर्न इथून ट्रामचे चार थांबे.
तेहतीस वर्षं मी तीच ट्राम चालवली.
दुपारच्या सुट्टीत त्या दगडी सिंहापर्यंत चालत जायचो,
त्याच्या पंजाशी बसून पाव खायचो
आणि समोरच्या पार्किंगमध्ये
मनातल्या मनात तोफा मांडायचो.

सैनिक शिशाचे, अंगठ्याच्या पेराएवढे.
निळे त्याचे, पांढरे माझे, मिळून बाराशे चाळीस.
सगळे त्यानंच रंगवले, जिभेचं टोक बाहेर काढून,
दोन केसांच्या ब्रशनं.
कुणाची बटणं पितळी, कुणाच्या हनुवटीवर
तीन दिवसांची दाढी.
एका ढोलवाल्याच्या गालावर तर चक्क
रोझविताचा तीळ.
शेतं म्हणजे वाळवलेला कॉफीचा चोथा;
हवा दमट असली की लढाईला
नाश्त्याचा वास येतो.

आता त्याच्या नजरेच्या मधोमध
एक करडा ठिपका येऊन बसलाय.
कडेकडेनं दिसतं, म्हणतो,
घोडदळासारखं, बगलेनं.
डॉक्टर म्हणाले, वाढेल.
म्हणून यंदा पट्टी मी धरतो, इंच मी मोजतो.
तो फासे टाकतो आणि विचारतो, "किती पडलं?"
मी सांगतो. तो मानतो.
घोडा जंगलातून अर्धं अंतर जातो की पाव
यावर एकदा आठ महिने अबोला धरलेली आम्ही माणसं.
हा एवढा विश्वास मला नीट पेलत नाही.

दुपारपर्यंत एसलिंगचं धान्यकोठार
दोनदा त्याचं झालं, दोनदा माझं.
त्याचे चिलखती स्वार माझ्या पांढऱ्या चौकोनांवर
आदळले आणि परतले.
त्याची राखीव फौज पलीकडच्या काठावर,
म्हणजे इस्त्रीच्या फळीवर, ताटकळत उभी.
सगळी भिस्त त्या पुलावर.
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात जोडलेला,
काड्यापेटीतल्या काड्यांचा,
एकेकीचं गुल कापून.

नियम साधा आहे.
दर फेरीला मी वरच्या अंगानं ओंडके सोडायचे,
फासा टाकायचा.
सहाचं दान पडलं की पूल गेला.
पाच फेऱ्या गेला नाही.
सहाव्या फेरीला फासा कॉफीच्या शेतातून
घरंगळत त्याच्या बाहीपाशी थांबला.

"किती?"

वर चिमट्यांचा टपटप आवाज.

"चार," मी म्हणालो.

त्याला एकदा जिंकू द्यावं, एवढंच नव्हतं ते.
ती फौज पूल ओलांडताना
त्यानं बघावी असं वाटलं,
कडेकडेनं का होईना,
ठिपका वाढायच्या आत.

तो काही बोलला नाही.
हात पुढे केला, फासा उलटू न देता
वरून अंगठा फिरवला.
आमचे फासे जुने, हाडाचे, ठिपके कोरलेले.
"चार जण," तो म्हणाला,
"फारच दाटीवाटीनं बसलेत."

मग चाचपत चाचपत,
एकाही शिपायाला धक्का न लावता
त्यानं पुलाचा मधला गाळा स्वतःच उचलला
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

वरून रोझवितानं विचारलं, कोण जिंकतंय?
"नदी," तो ओरडला.
आणि मला, हळू आवाजात:
"चल, माघार घ्यायचीय. बेटापर्यंत किती इंच?"

मी पट्टी धरली.
नऊ होते. नऊ सांगितले.

एकेक तुकडी नेता नेता संध्याकाळ झाली.
बुरशीच्या डागावर जागा पुरेना.
ढोलवाला शेवटचा. तो काठावरच राहिला,
एक पाय निळ्या पडद्यावर.