बत्तीसचा रविवार

पावणेचारला उठतो. गजर लागत नाही,
त्रेसष्टाव्या वर्षी मूत्राशय वेळ पाळतं.
अंधारातच व्हॅसलीन, गुडघ्याला पट्टा,
खिशात चार खजूर.
कुंदा झोपेतच विचारते, "आज किती?"
"बत्तीस," म्हणतो. ती कूस बदलते,
जणू भेंडीचा भाव सांगितला.

सेक्टर आठच्या उतारावर पाय कुरकुरतात.
पहिले तीन किलोमीटर हे शरीर माझं नसतंच,
कुणाचं तरी मागून आणलेलं,
परत करायच्या बोलीवर.
किल्ला जंक्शनला घाम फुटतो, मग कुठे ते ऐकू लागतं.

पाम बीच रोड. डिसेंबरचं धुकं.
खाडीकडून चिखलाचा वास,
मागून तळोज्याचा, नाव घेऊ नये असा.
पोरं येतात रंगीत बुटांची,
"मस्त, काका!" म्हणत निघून जातात.
काका. हं.
बाळांनो, हा रस्ता मी पळायच्या आधी मोजलाय.

चौऱ्याऐंशी साली इथे गुडघाभर गाळ.
मी सिडकोचा नवा सर्व्हेअर, खांद्यावर तिपाई,
आणि समोर स्टाफ धरून करावे गावचा हसुराम,
कमरेला रुमाल, तोंडात विझलेली विडी,
आपल्याच मिठागरातून सरळ रेघ जाऊ देत
बारा रुपये रोजावर.

नियम मीच शिकवला होता त्याला:
दोघांनी एकदम हलायचं नाही.
यंत्र पुढे जाईल तेव्हा स्टाफ जागेवर,
स्टाफ हलेल तेव्हा यंत्र जागेवर.
आणि पुढचं वाचण्याआधी मागचं वाचायचं. नेहमी.
एकदा त्याच्या पायाला खेकड्याने धरलं,
आकडा टिपून होईपर्यंत हलला नाही.
मग शिव्या घातल्या. मला की खेकड्याला,
ते अजून कळलेलं नाही.

कोपरखैरणेला सोळा. वळलो.
तेविसाव्यापर्यंत मनात पाढे म्हणता येतात,
त्यानंतर सात सक किती
हे रस्त्याच्या दिव्याला विचारावं लागतं.
उजवी पोटरी जुन्या भांडणासारखी वर येते.
खाडीत एक फ्लेमिंगो दिसतो,
किंवा गुलाबी पिशवी.

सत्ताविसाव्याला करावे,
आणि कठड्यावर हसुराम.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर मुलाने चार मजले चढवलेत,
तो तिथे झोपतो फक्त.
मांडीवर स्टीलचा डबा, उकडलेली रताळी, जाड मीठ.
"कोन लागलाय रं मांगं?"
दर रविवारी हेच.
मी वाकून धापा टाकतो, मीठ जिभेवर.
"दुकानचा हाय," तो म्हणतो. "आपला मीठ येगला व्हता."
येगला म्हणजे कसा,
चाळीस वर्षांत सांगितलेलं नाही.

मी निघालो की तो उभा राहतो, ताठ,
स्टाफ धरल्यासारखा,
मी दिसेनासा होईपर्यंत.
निदान मला तसं वाटतं.
नियमाप्रमाणे मागे पाहायला हवं,
पण मान वळवली की पाठ धरते.

शेवटचे पाच. त्यांच्याबद्दल काय लिहायचं.
एका कुत्र्याने सोबत केली,
त्यालाही कंटाळा आला.

सोसायटीच्या फाटकाशी घड्याळ म्हणतं,
एकतीस पूर्णांक शहाऐंशी.
पोरं अशा वेळी पार्किंगमध्ये चकरा मारतात
आकडा भरेपर्यंत. मीही मारायचो, पन्नाशीत.
पण मोजणीत चूक राहतेच.
नाही राहिली, तर साहेबाला संशय यायचा.
हाताबाहेरची नसेल तर शोधत बसायचं नाही,
सगळ्या खुंट्यांना थोडी थोडी वाटून द्यायची.
एकशेचाळीस मीटर.
थोडे कुंदाच्या नावावर, थोडे हसुरामच्या,
दोन-चार त्या खेकड्यालाही.

पायरीवर बसतो. वाकता येत नाही.
वॉचमन काही न बोलता
माझा बूट दोन्ही हातांनी धरून ओढतो,
चिखलात रुतलेली तिपाई उपटावी तसा.